वर्षाच्या आत चांदणी नाही

येशू, मरिया, जुझे

शिरमळ, साष्टी, गोवा
ता. २५ नोव्हेंबर १९९१

चि. केरूबीन हिस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय, म्हणजे धारवाडला बसून तू मला नावं ठेवत असणार. ठेव. पण नोव्हेंबर लागला की माझ्या ओसरीची काय दशा होते ते तुला सांगायला नको. बांबूच्या कामट्या, खळीचं टमरेल, रंगीत कागद, आणि त्या सगळ्यात पाय ठेवायला जागा शोधत फिरणारा मी. वाड्यावरच्या चौतीस घरांच्या नाताळच्या चांदण्या यंदाही माझ्याकडेच आहेत. पस्तिसावं घर आपलं. ते यंदा नाही.

आता मुख्य गोष्ट. फ्लाव्हियाचं मुंबईहून पत्र आलं. ती मुलांना घेऊन नाताळला येतेय, वीस डिसेंबर ते दोन जानेवारी. माझा लिगोरियो गेल्यापासून सून पहिल्यांदाच घरी येते आहे. पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकट्यानेच दोनदा चहा केला, पहिला पिऊन झाला हेच विसरलो.

पण पत्रात आणखीही आहे. तिच्या भावाने कॅनडाहून कागद पाठवलेत, तिघांचेही. इकडे मडगावच्या एका शाळेतही तिला शिकवायला बोलावलंय. ती लिहिते की मेल्बा वर्षभर हसलेली नाही आणि रॉयस्टन रात्री उठून बसतो. मुलांचं मन जिथे लागेल तिथे मी जाईन. शिरमळला त्यांचं मन लागलं तर जूनपासून मडगाव, नाही लागलं तर जानेवारीअखेर कॅनडा. इतकं सरळ लिहिलंय. मुलगी सरळच आहे, लिगोरियोला ती आवडली ती त्याचसाठी.

तेव्हा केरूबीन, माझ्या हातात चौदा दिवस आहेत. आणि घरात काय आहे? लिगोरियोला वर्ष होतं अठरा जानेवारीला. वर्षाची मिस्सा होईपर्यंत घरावर चांदणी नाही, घरात गोडाचं नाही, गाणं-वाजवणं नाही. बाळ येशूचा गोठा तेवढा मांडता येईल, तोही बिनदिव्याचा. नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा अशा घरात काय बघणार? माझ्या बाहीवरची काळी पट्टी?

म्हणून ठरवलं, नाताळ घरात नसला तर त्यांना नाताळ असेल तिथे न्यायचं. आपण लहानपणी पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडायचो ते आठव. मला अर्धंमुर्धंच आठवतं. तुझी आठवण म्हणजे पाळकाची नोंदवही. कुठे कुठे जायचो, कुणाकडे काय असायचं, सगळं लिहून पाठव. मी सायकल काढून एकेक जागा बघून येतो, अजून काय उरलंय ते.

जावयाला आणि पोरांना माझे आशीर्वाद. मायेची ऊब आहे ती तशीच ठेव, विझू देऊ नकोस.

तुझा,
आलेशमानो

---

ये. म. जु.

धारवाड
ता. १ डिसेंबर १९९१

आलेशमानोस, केरूबीन हात जोडून बेंसांव, तुझा आशीर्वाद, मागते. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग उठून चष्मा शोधला. दोनदा चहा पिणारा माणूस सायकलवरून साष्टी पालथी घालणार म्हणे. गुडघ्यांना विचारलंस का?

घे तुझी यादी.

पहिलं म्हणजे कुलकुल. आपोलीनच्या आईच्या स्वयंपाकघरात वाड्यावरच्या बायका जमायच्या, प्रत्येक पोराच्या हातात एक फणी, पिठाची गोळी फणीवर दाबून वळायची. तू वळलेले कुलकुल वेगळे काढून ठेवायचे, कारण ते तळताना उलगडायचे. आता आपोलीन करत असेलच, तिचे हात आईसारखेच आहेत.

दुसरं, नदीकाठच्या वाड्यातला होडीतला गोठा. पाण्यावर होडी, होडीत गोठा, आणि पाण्यात सगळे दिवे पुन्हा एकदा. वडील, आपले पाय, मला खांद्यावर घ्यायचे आणि तू मागून माझी वेणी ओढायचास. तिसरं, टेम्पोवरून नाताळची गाणी म्हणत फिरणारी पोरं, आपल्या वेळी बैलगाडी होती. आणि शेवटचं, एक जानेवारीला संध्याकाळी डोंगरावरच्या कुरसापाशी सगळ्यांनी गाऊन म्हणायची प्रार्थना, लादिन. व्हायोलिनं, मेणबत्त्या, नंतर द्रोणातले गरम उकडलेले चणे. त्या चण्यांसाठी मी आख्खी लादिन गुडघ्यावर काढायचे, भक्तीबिक्ती काही नव्हती.

गोठ्यासाठी नाचणी आठ तारखेला पेर, विसरू नकोस. उशीर केलास तर बाळ येशू ओल्या मातीत झोपेल.

आता रागावू नकोस. मानो, तू चांदणी लाव. चौतीस घरांना देतोस, पस्तिसावी आपल्या दारात लाव. पोरांसाठी लाव. तुला कोण काय म्हणणार आहे? म्हणणारा माणूस वाड्यावर एकच आहे आणि तो तू आहेस. मला आपल्या वाड्यावरचा कुस्तोद आठवतो. त्याची बायको फेब्रुवारीत गेली होती आणि डिसेंबरात त्याने आपल्या लूर्दसाठी चांदणी लावली. सात वर्षांची होती लूर्द. तू प्रार्थनेच्या कपेलाच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांदेखत त्याला बोललास, की आईची जागा अजून ऊन आहे आणि बापाला दिवाळी-नाताळ सुचतोय. त्याने घरी जाऊन पोरीच्या डोळ्यांसमोर ती उतरवली. चौदा वर्षं झाली. मी तेव्हा माहेरी आले होते, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की हे चुकलं. तू म्हणालास, लादिन सांगणाऱ्या माणसानेच सैल सोडलं तर बाकीच्यांचं काय.

लिहून टाकलं. आता शिव्या दे. पण माया कमी करशील तर याद राख.

तुझी,
केरूबीन

---

ये. म. जु.

शिरमळ
ता. १३ डिसेंबर १९९१

चि. केरूबीन हिस, आशीर्वाद. वि. वि.

शिव्या देत नाही. पण चांदणीचं ते जमायचं नाही गो. ज्या पायरीवर उभा राहून मी कुस्तोदला बोललो तीच पायरी चढून मी दर रविवारी आत जातो. आज माझ्या दारात चांदणी लागली तर कुस्तोद काही बोलणार नाही, तो बोलणाऱ्यातला नाही, आणि मला तेच सोसणार नाही. माझ्याच शब्दाने माझे हात बांधलेत. तू बरोबर होतीस असं समज आणि विषय सोड.

बाकी बातम्या चांगल्या आहेत, इतक्या चांगल्या की मीच जरा घाबरलोय. सायकलवरून चार दिवस हिंडलो. गुडघ्यांनी रात्री माझा उद्धार केला, पण हिंडलो. आपोलीनकडे तेवीस तारखेला कुलकुल आहेत. मी म्हटलं, माझी नातवंडं येतील, त्यांना फण्या दे. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, हे काय विचारायचं? होडीतला गोठा अजून करतात! जुनी माणसं गेली पण पोरांनी सोडलेलं नाही, यंदा तर होडीत विजेची माळ लावणार आहेत. टेम्पोवाल्या पोरांना सांगितलं की आमच्या घरासमोर थांबू नका, ते बरोबर दिसायचं नाही, पण नातवंडांना घेऊन मी फाट्यावर उभा राहीन, तिथे दोन गाणी जास्त म्हणा. हो म्हणाले. डोंगरावरची लादिन तर माझीच, ती मीच सांगतो.

सगळीकडे मी एकच सांगून ठेवलं आहे: बापाविना पोरं आहेत, जरा सांभाळून घ्या. सगळ्यांनी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. असली माणसं कुठे मिळायची? कॅनडात मिळतील?

नाचणी आठला पेरली, पाच ताटल्या. कोंब वर आलेत, केसांसारखे बारीक. रोज सकाळी पाणी शिंपडतो आणि त्यांच्याशी बोलतो. दुसरं कोण आहे बोलायला. तुझी वहिनी पियेदाद असती तर म्हणाली असती, म्हातारा गवताशी बोलायला लागला. बारा वर्षं झाली तिला जाऊन, अजून तिचा टोमणा ऐकू येतो.

सगळ्या चांदण्या पोचत्या केल्या. कुस्तोदचीही. त्याने दारातच घेतली, नीट फिरवून बघितली आणि कामट्या बारीक काढल्यात म्हणाला. तेवढंच.

तू प्रार्थना कर. ओढ आहे तितकीच राहू दे, माझ्याकडून ती वाढतच जाणार.

तुझा,
आलेशमानो

---

शिरमळ
ता. २६ डिसेंबर १९९१

तीर्थस्वरूप आत्या केरूबीन तिमाय यांस, फ्लाव्हियाचे बेंसांव. वि. वि.

हे पत्र सासऱ्यांना, म्हणजे पायना, न सांगता लिहिते आहे. उद्या इथून एक बाई धारवाडच्या बसने जात आहेत, त्यांच्या हाती देते. तुम्हाला लिहायचं कारण एवढंच, की त्यांना जे सांगायला हवं ते माझ्या तोंडून निघत नाही.

आम्ही सुखरूप पोचलो. पाय स्टेशनवर दोन तास आधीपासून उभे होते. त्यांच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद आहे, तुमच्या पत्रातली यादी त्यांनी त्यावर उतरवून घेतली आहे आणि रोज सकाळी ते ती मुलांना वाचून दाखवतात. मेल्बा पहिल्या दिवशी खरंच खुलली होती. फणीवर कुलकुल कसे वळतात ते तिने स्टेशनवरून घरी येताना चारदा विचारलं.

तेवीस तारखेला आपोलीनबाईंकडे गेलो. दारापर्यंत आतला हसण्याचा आवाज येत होता, कुणीतरी गाणंही म्हणत होतं. पुढे पाय, त्यांच्या बाहीला पट्टी, मागे मी काळ्या कपड्यांत, दोन्ही हातांना मुलं. आम्ही उंबरठ्यावर आलो आणि सगळं थांबलं. बायका उठून उभ्या राहिल्या. एकेकीने येऊन मुलांना कवटाळलं. एक रडायला लागली, मग सगळ्याच रडल्या. पिठाची परात उचलून मागच्या खोलीत नेली, आमच्यासमोर ती बरी दिसणार नाही म्हणून. मुलांना दूध-बिस्किटं दिली. मेल्बा फण्यांकडे बघत होती. कुणीतरी त्यासुद्धा गोळा करून पदराखाली घेतल्या. तिमाय, त्यांच्या मनात नुसती दया होती, म्हणून मला रागही धरता येत नाही.

फाट्यावर उभे राहिलो तर टेम्पो आला, दुरूनच पायना ओळखून पोरांनी गिटार खाली ठेवल्या आणि टोप्या काढून गप्प उभी राहिली. टेम्पो हळूहळू समोरून गेला. पुढच्या वळणावर गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. पाय म्हणाले, पोरं दमली असतील. त्यांना खरंच तसं वाटलं.

काल संध्याकाळी होडीतला गोठा. लांबून तो दिसत होता, पाण्यात सगळा लखलखत होता, रॉयस्टन आजोबांचा हात सोडून पळत सुटला. आम्ही काठावर पोचेपर्यंत त्यांनी विजेची माळ बंद केली होती. दोन मेणबत्त्या तेवढ्या ठेवल्या. जमलेली माणसं बाजूला झाली, आम्हाला वाट करून दिली, आणि लिगोरियोसाठी एक प्रार्थना म्हटली. फार सुंदर म्हटली. येताना मेल्बाने मला विचारलं, "आपण आलो की सगळे दिवे का मालवतात?"

 तिने स्वतःच उत्तर काढलं. आता ती बाहेर चल म्हटलं की पोट दुखतं म्हणते. रॉयस्टन तेवढा ओसरीवर नाचणीच्या ताटल्यांपाशी रमतो. पाय त्याला पाणी शिंपडायला देतात. पूर्ण घरात तेवढीच एक जागा आहे जिथे मुलाचा आवाज निघतो.

पाय रोज यादीवर एक रेघ मारतात आणि म्हणतात, अजून लादिन आहे, लादिन बघा कशी होते. त्यांनी स्वतःच गावभर सांगून ठेवलं आहे की पोरांना सांभाळा, आणि गाव सांभाळतंय. त्यांना हे कळत नाही. तुमचं ते ऐकतात. काहीतरी लिहा. मी अजून भावाला उत्तर पाठवलेलं नाही, आणि मला ते पाठवायचं नाही, तिमाय.

तुमच्या मायेची मला आज फार गरज आहे.

तुमची,
फ्लाव्हिया

---

ये. म. जु.

धारवाड
ता. २८ डिसेंबर १९९१

आलेशमानोस बेंसांव. वि. वि.

शेजारच्यांचा जावई आज मडगावला येतोय, त्याच्या हाती देते, म्हणून थोडक्यात लिहिते. बसून वाच.

फ्लाव्हियाने मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावलास तर मी पुढच्या बसने येईन.

पोरं दमलेली नव्हती, मानो. टेम्पोवाली पोरं तुला बघून गप्प झाली. आपोलीनने परात तुला बघून उचलली. होडीतली माळ तुझ्या बाहीवरच्या पट्टीला बघून बंद झाली. चौदा वर्षांपूर्वी तू कुस्तोदला बोललास तेव्हा आख्खा गाव ऐकत होता, आणि गावाने ते पाठ केलं. सुतकाच्या माणसासमोर हसायचं नाही, गायचं नाही, दिवा लावायचा नाही. तुझाच धडा आहे, तुझ्याच नातवंडांसमोर म्हणून दाखवतायत. आणि मेल्बाने विचारलं की आम्ही आलो की दिवे का मालवतात. हे वाक्य मी चार वेळा वाचलं, तू एकदाच वाच, पण वाच.

अजून चार दिवस आहेत. कुस्तोदकडे जा. आज नाही, आत्ता जा. त्याची माफी माग आणि घरी येऊन चांदणी लाव. पट्टी काढ. लिगोरियोला मी पाळण्यात झोपवलंय. त्याला पट्टीचं काही पडलेलं नव्हतं, त्याला पोरांचं पडलेलं होतं.

बाकी मागून. माझा जीव तुझ्यापाशी आहे, त्याला जप.

केरूबीन

---

ये. म. जु.

शिरमळ
ता. ५ जानेवारी १९९२

चि. केरूबीन हिस, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीस तारखेला दुपारी मिळालं. तू म्हणालीस तसं बसून वाचलं.  मी शिंपी माणूस. कापड उलटं बेतलं की कळतं, पण ते कापून झाल्यावर.

कुस्तोदकडे गेलो, पण त्या दिवशी पाय उचलला नाही. एकतीसला सकाळी गेलो. तो माडाची झावळी विणत होता. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. माफ कर म्हणालो एवढं नक्की. त्याने विणणं थांबवलं नाही, पण बसायला पाट सरकवला. मी विचारलं की वर्षाच्या आत चांदणी लावली तर तुला चालेल का. तेव्हा तो म्हणाला, "लाव रे आलेश. कोण काही म्हणणार नाही, मी तर मुळीच नाही. पण उशीर केलास. माझ्या लूर्दने त्या वर्षानंतर कुठल्याच चांदणीकडे वर मान करून बघितलं नाही." लूर्द आता मुंबईला असते, नाताळला येत नाही. हे मला माहीत होतं. का येत नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या घरची चांदणी मीच करून देत होतो.

घरी आलो आणि पट्टी उसवली. मग चांदणी करायला बसलो. कामट्या उरलेल्या होत्या, कागद लाल आणि पांढरा. रॉयस्टनने खळ लावली, कागदाला कमी आणि स्वतःला जास्त. फ्लाव्हिया दारातून बघत होती आणि तिच्या तोंडावर, वर्षभरात पहिल्यांदा, काहीतरी उजळल्यासारखं झालं. मेल्बा खोलीतून बाहेर आली नाही. संध्याकाळी चांदणी वर चढवली, बटण दाबलं. केरूबीन, चांगली झाली होती गो. मी सगळं आयुष्य चांदण्या केल्या, पण ही चांगली झाली होती. रॉयस्टन टाळ्या पिटत अंगणात नाचायला लागला. मी मेल्बाला हाक मारली.

ती आली. चांदणीकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावरून दोन माणसं येत होती. ती धावत आत गेली, स्टूल आणलं, त्यावर चढली आणि बटण बंद केलं. मग मला म्हणाली, "शापाय, वर्ष झालं नाही अजून. लोक येतायत."

तिला कुणीही सांगितलं नव्हतं. दहा दिवसांत ती शिकली. मला म्हणायचं होतं की बाय, असू दे, लाव परत. पण तिचा चेहरा कसा होता सांगू? चूक होता होता वाचवली, असा. आजोबाला तिने वाचवलं होतं.  अंगणात उतरलो आणि चांदणी काढली. रॉयस्टन रडत झोपला.

एक तारखेला डोंगरावर गेलोच नाही. लादिन दुसऱ्या कुणीतरी सांगितली. आपोलीनने चण्यांचे चार द्रोण पाठवून दिले, गार झाले होते.

दोन तारखेला गाडी. रॉयस्टनला नाचणीची ताटली हवी होती. मी कागदात बांधून दिली, डब्यात कुठे टिकणार होती ती, पण दिली. मेल्बाने हात जोडून बेंसांव मागितला, व्यवस्थित, मोठ्या माणसासारखा. मी डोक्यावर हात ठेवला. फ्लाव्हियाने मला मिठी मारली आणि कानात एवढंच म्हणाली की पाय, तुमची चूक नाही. मग मला कळलं की भावाला उत्तर गेलेलं आहे, किंवा आता जाईल.

वाड्यातली सगळी माणसं फाट्यापर्यंत पोचवायला आली होती. गप्प उभी होती. सगळी प्रेमाने गप्प उभी होती.

तू लिहिलं नसतंस तर मला कळलंही नसतं. म्हणून तुझ्यावर राग नाही, उलट ऋणी आहे. पण कळून काय झालं, हे मात्र मला विचारू नकोस.

आलेशमानो

---

ये. म. जु.

धारवाड
ता. ११ जानेवारी १९९२

आलेशमानोस बेंसांव. वि. वि.

 तीन कागद फाडले. तू एकटा राहू नकोस, इकडे ये. जावई स्वतः न्यायला येतो म्हणतोय. नातवंडं म्हणतात, शापायला आणा, आम्हाला चांदण्या करायला शिकवू देत. इथे रस्त्यात कुणी तुला ओळखत नाही; मोठ्याने गायलास तरी कुणी गप्प होणार नाही.

फ्लाव्हियाचं मला पत्र आलं. पंचवीस तारखेचं विमान आहे. मी तिला दोष दिला नाही, तूही देऊ नकोस. ती लिहिते की ताटली पुण्याच्या पुढे वाळली, तरी रॉयस्टनने ती फेकू दिली नाही.

अठराच्या मिस्सेला मी येणार होते, पण कंबर धरलीय, बसवत नाही. माझ्यातर्फे एक मेणबत्ती लाव. आणि मला लगेच लिही. तुझ्या अक्षराची वाट बघण्यात माझे दिवस जातात, ते फुकट घालवू नकोस.

केरूबीन

---

ये. म. जु.

शिरमळ
ता. २२ जानेवारी १९९२

चि. केरूबीन हिस, आशीर्वाद. वि. वि.

मेणबत्ती लावली. मिस्सा नीट झाली. वाडा सगळा आला होता. कुस्तोद मागच्या बाकावर बसला होता, नंतर येऊन हात हातात घेतला आणि गेला. वर्ष भरलं. पाळक म्हणाले की आता काळं उतरवा, आता हरकत नाही. मी म्हटलं, बरं.

धारवाडला येत नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणतो, पण तू वाट बघू नकोस. मुलांना मात्र सांग की कामटी उभी चिरायची, आडवी नव्हे, आणि गाठ ओल्या सुतळीची मारायची. तेवढं आलं की चांदणी आलीच.

मेल्बाला एक पत्र लिहिलं होतं. की बाय, तुम्ही आल्यामुळे दिवे मालवले नाहीत, माझ्यामुळे मालवले. तुझं काही चुकलं नाही, त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा नाही. लिहून झाल्यावर वाचलं आणि वाटलं, नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आणखी हे कशाला. ते चुलीत घातलं. आता वाटतं पाठवायला हवं होतं. आज पाठवलं तर मुंबईला पोचेपर्यंत विमान गेलेलं असेल, आणि तिकडचा पत्ता माझ्याकडे नाही. तुला मिळाला तर कळव. नाही मिळाला तर राहू दे.

तीन राजांचा सण होऊन सोळा दिवस झाले. घराघरांवरच्या चांदण्या उतरल्या, कागद फाटले, कामट्या पोरांनी पतंगाला नेल्या. गोठे मोडले. माझ्या ताटल्यांतली नाचणी पिवळी पडून आडवी झाली आहे, तिला पाणी घालायचं मी बंद केलं.

अठराच्या संध्याकाळी मी ती चांदणी पुन्हा वर चढवली. लाल-पांढरी, रॉयस्टनच्या खळीची. आता वर्ष झालं आहे, आता कुणाची हरकत नाही, रिवाजाला धरूनच आहे सगळं. रोज दिवेलागणीला बटण दाबतो आणि खाली ओसरीवर बसतो. चांगली दिसते गो. साऱ्या वाड्यात एकच.

रस्त्यावरून माणसं कामावरून परत येतात, हसत-बोलत. आपल्या घराशी आली की वर बघतात, एकमेकांकडे बघतात, आणि बोलणं थांबवतात. टोपी असली तर काढतात. मग पावलांचा आवाज न करता पुढे जातात, आणि वळणापलीकडे गेल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालेलं मला ऐकू येतं.

माया आहे तोवर पत्र पाठवत राहा. मी वाचतो.

तुझा,
आलेशमानो